पाठीवरचा खो

2003 च्या नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजचं दार अर्ध्यावर ओढलेलं होतं. आम्हाला लिंकनला येऊन जेमतेम चार महिने झाले होते, नेब्रास्का नकाशात नेमकं कुठे येतं हे घरच्यांना फोनवर सांगता सांगताच दमछाक व्हायची, पण एवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली होती की वीकेंडला ते दार पूर्ण वर असतं, आत दोन घडीच्या खुर्च्या, वर्कबेंचवर जुना रेडिओ, भिंतीला टेकवलेली फावडी, आणि दाराच्या बरोबर समोर खिळ्याला अडकवलेली एक लाल जर्सी, आणि आत कोणीही जाऊन बसलं तरी चालतं. मी आदल्या दिवशी तळलेल्या चकल्या डब्यात घेऊन गेले होते, त्यांना आवडायच्या. वाकून आत शिरले तर आजोबा रेडिओ बंद करून बसलेले. मला वाटलं घरात काहीतरी वाईट झालंय. विचारलं तर म्हणाले, नऊ मॅच जिंकलेल्या माणसाला काल रात्री काढून टाकलं. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, टॉमने स्वतः नेमलेला माणूस होता तो.

टॉम कोण ते मला माहीत नव्हतं. नऊ मॅच जिंकणं चांगलं की वाईट तेही माहीत नव्हतं. पण तो आवाज ओळखीचा होता. मी मिरज तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत खो-खो खेळले, सरांनी एकट्याच्या जिवावर उभी केलेली टीम होती ती, जिल्ह्यात नाव होतं आमचं, आणि सर रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांत मैदानावर खांबसुद्धा उरले नाहीत. माझे बाबा त्या रिकाम्या मैदानाबद्दल ज्या आवाजात बोलले होते तोच हा आवाज. त्या दिवसापासून मी हा खेळ समजून घ्यायला लागले, आणि खरं सांगायचं तर खेळापेक्षा कोचच जास्त समजून घेतले.

आधी थोडं सांगायला लागेल. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, खांद्याला पॅड लावून, बॉल हातात धरून पळायचा तो. आणि नेब्रास्कात फुटबॉल म्हणजे युनिव्हर्सिटीची टीम, हस्कर्स. राज्याची लोकसंख्या सगळी मिळून 20 लाखाच्या आसपास, मैलोन् मैल मका आणि सोयाबीन, मोठ्या प्रोफेशनल लीगमधली एकही टीम नाही, समुद्र नाही, डोंगर नाही, जे काय आहे ते हे. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये 85 हजारांच्या वर माणसं बसतात, आणि मॅचच्या दिवशी ते स्टेडियम हेच ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसऱ्या नंबरचं 'शहर' असतं. 3 नोव्हेंबर 1962 पासून तिथली प्रत्येक मॅच हाउसफुल गेलेली आहे, चारशेच्या वर मॅच झाल्या सलग. लग्नाच्या तारखा मॅच बघून काढतात. आपली मराठी मंडळी गणपतीचा कार्यक्रम ठरवायला बसली की पंचांगाच्या आधी हस्कर्सचं वेळापत्रक उघडतात, कारण मॅचच्या शनिवारी कार्यक्रम ठेवला तर अर्धे लोक येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि कॉलेजच्या टीमची एक गंमत असते जी क्लबच्या टीमची नसते. पोरं टिकत नाहीत. चार वर्षं, फार तर पाच, की गेली. म्हणजे आज ज्याच्या नावाने स्टेडियम ओरडतंय तो परवा नसणार हे ठरलेलंच. मग उरतं काय? कपड्यांचा रंग उरतो, आणि कोच उरतो, आणि त्याने लावलेल्या सवयी. म्हणून इथले लोक नुसतं टीम म्हणत नाहीत, 'प्रोग्राम' म्हणतात. मला सुरुवातीला हा शब्द फार ऑफिसातला वाटायचा, पण आता वाटतं बरोबर आहे, आपण घराणं म्हणतो गाण्यातलं तसं काहीसं. गायक बदलतात, गायकी राहते. राहिली तर.

हे घराणं सुरू झालं बॉब डेव्हेनींपासून. त्यांच्या आधीची वीस वर्षं फार वाईट होती, जिंकण्यापेक्षा हरण्याचे सीझन कितीतरी जास्त. डेव्हेनी मूळचे मिशिगनचे, 14 वर्षं हायस्कूलच्या पोरांना शिकवत घालवलेली, मग मिशिगन स्टेटला असिस्टंट, मग पाच वर्षं वायोमिंगला, आणि 1962 मध्ये ते इथे आले. पहिल्याच सीझनला 11 पैकी 9 मॅच जिंकले. मिशिगनला जाऊन मिशिगनला हरवलं. आजोबा सांगायचे की तोपर्यंत शेतावर शनिवारी दुपारी माणसं कामं करायची, त्या वर्षापासून कामं सकाळी लवकर उरकायला लागली.

डेव्हेनींची मला आवडलेली गोष्ट मात्र 1967-68 ची आहे. दोन्ही वर्षं 6-4, म्हणजे सहा जिंकल्या चार हरल्या. ओमाहात त्यांना काढा म्हणून सह्यांची मोहीम सुरू झाली होती. असा दाब आला की माणूस कोणाला तरी काढतो, निदान असिस्टंटचा तरी बळी देतो, आपण किती वेळा बघतो हे, ऑफिसात काय, खेळात काय. डेव्हेनींनी कोणालाही काढलं नाही. त्यांनी एका तरुण असिस्टंटला सांगितलं की आपला सगळा आक्रमणाचा खेळ नव्याने मांड. तो असिस्टंट म्हणजे टॉम ऑस्बोर्न. हेस्टिंग्ज या नेब्रास्कातल्याच गावचा, उंच, लाल केसांचा, अतिशय कमी बोलणारा. प्रो फुटबॉल थोडं खेळून परत आलेला, एज्युकेशनल सायकॉलॉजीत पीएचडी करत करत डेव्हेनींकडे लागला तेव्हा पगार नव्हता, दोन वेळचं जेवण होतं आणि त्याबदल्यात होस्टेलवर राहून खेळाडूंवर लक्ष ठेवायचं. अशा माणसाच्या हातात डेव्हेनींनी स्वतःची नोकरी वाचवण्याचं काम दिलं.

त्याच सुमारास अजून एक झालं. बॉइड एपली नावाचा पोल व्हॉल्ट करणारा एक विद्यार्थी, पाठ दुखावलेली म्हणून वेट रूममध्ये पडलेला असायचा, आणि बाकीची जखमी पोरं त्याचं बघून व्यायाम करायची. ऑस्बोर्नच्या ते नजरेत आलं. तेव्हाच्या कोच लोकांची ठाम समजूत अशी की वजनं उचलली की पोरं जड होतात, हळू होतात. डेव्हेनींनी 1969 मध्ये त्या पोराला कामावर घेतलं आणि दम दिला की एक जरी खेळाडू हळू झाला तर तुला काढीन. कॉलेज फुटबॉलमधला पहिला पगारी स्ट्रेंग्थ कोच तो. आज अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेजात वेट रूम आहे. आणि डिफेन्सवाल्यांचे ते काळे शर्ट, ज्यांना इथे ब्लॅकशर्ट्स म्हणतात आणि जे प्रॅक्टिसला घालायला मिळावेत म्हणून पोरं जीव टाकतात, ते असे आले की 1964 मध्ये प्रॅक्टिसला दोन गट वेगळे ओळखू यावेत म्हणून एक असिस्टंट दुकानात गेला आणि काळे स्वस्तात मिळत होते म्हणून काळे घेऊन आला. साठ वर्षं झाली. एवढ्या साध्या गोष्टीची परंपरा होते ती रोज त्याच गंभीरपणे केल्यामुळे, दुसरं काही नाही त्यात.

1970 आणि 1971, लागोपाठ दोन नॅशनल चॅम्पियनशिप. 1971 च्या थँक्सगिव्हिंगला ओक्लाहोमा या कट्टर प्रतिस्पर्ध्याला 35-31 हरवलेली मॅच अजूनही म्हातारी माणसं प्ले बाय प्ले सांगतात. आणि 1972 चा सीझन संपल्यावर, वय 57, नाव शिखरावर, डेव्हेनी बाजूला झाले आणि वयाने, अनुभवाने मोठे असिस्टंट असताना 35 वर्षांच्या ऑस्बोर्नच्या हातात सगळं देऊन टाकलं.

इथे मला खो-खो आठवतो, दर वेळी आठवतो. आम्हाला सर पहिली गोष्ट शिकवायचे ती खो कसा द्यायचा. पळता येणाऱ्या पोरी गावात खूप असतात पण खो देता येत नाही त्यांना. पाटीवर बसलेलीच्या मागून जायचं, पाठीला हात लागला पाहिजे आणि तोंडाने खो ऐकू गेला पाहिजे, आणि दिल्याबरोबर तू तिच्या जागेवर बसायचं. सगळ्यात जास्त ओरडा कशाला बसायचा तर दमून पाय उचलेनासे झाल्यावर खो देण्याला. दम असतानाच दे, सर म्हणायचे, तिला पळायला वेळ मिळाला पाहिजे. डेव्हेनींनी दम असताना दिला. आणि दिल्यावर ते बसले पण, म्हणजे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणून, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचे प्रमुख म्हणून, 1993 पर्यंत तिथेच होते, ऑस्बोर्नचे साहेबच ते, पण ऑस्बोर्नची टीम चालवायला गेले नाहीत. हे बसणं किती अवघड असतं ते ज्याने आयुष्यभर पळण्याचंच काम केलं त्यालाच कळेल.

ऑस्बोर्नची सुरुवात सोपी नव्हती. पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाकडून हरले, सलग पाच. वर्षाला नऊ मॅच जिंकून सुद्धा लोक नाराज. 1978 मध्ये एकदाचं 17-14 हरवलं तर पुढच्याच आठवड्यात मिसुरीकडून हरले. तेव्हा कोलोरॅडोने त्यांना बोलावलं होतं, ते जाऊन बघूनही आले, आणि राहिले. आजच्या काळात असा कोच पाच वर्षं टिकला असता का? मला नाही वाटत. डेव्हेनी वर बसले होते म्हणून टिकले.

आजोबांकडे बेसमेंटमध्ये एक व्हिडिओ टेप होती, 2 जानेवारी 1984 च्या ऑरेंज बाउलची. बाउल म्हणजे सीझन संपल्यावर चांगल्या टीमना खेळायला मिळणारी मोठी मॅच. 2005 च्या हिवाळ्यात एकदा बाहेर गुडघाभर बर्फ, नवरा टूरवर, मुलगा अजून झालेला नव्हता, आणि आजोबा-आजींनी जेवायला बोलावलं होतं. जेवणानंतर ती टेप लावली. नेब्रास्का त्या वर्षी 12-0, देशात पहिला नंबर, समोर मायामी आणि मॅच मायामीच्याच मैदानावर. शेवटच्या क्वार्टरला 31-17 मागे. मग एक टचडाऊन, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या रेघेपलीकडे नेला की मिळणारे सहा पॉइंट, आणि त्यावरचा किकचा एक. मग शेवटचं मिनिट सुद्धा उरलेलं नाही, चौथा डाऊन म्हणजे शेवटची संधी, आठ यार्ड पुढे जायला पाहिजे, आणि जेफ स्मिथ नावाचा पोरगा बॉल घेऊन कोपऱ्यातून आत घुसला. 31-30. आजोबांनी इथे टेप थांबवली. पडद्यावर चित्र थरथरतंय, वरून पांढऱ्या रेघा जातायत, आणि ते मला विचारतायत, तू काय केलं असतंस? टचडाऊननंतर किक मारली तर एक पॉइंट, जवळपास नक्की मिळणारा, मॅच 31-31 बरोबरीत. तेव्हा कॉलेजला ओव्हरटाइम नव्हता, आणि बरोबरी झाली असती तरी पहिला नंबर बहुतेक त्यांच्याकडेच राहिला असता. नाहीतर किक न मारता एक प्ले खेळायचा, जमला तर दोन पॉइंट, नाही जमला तर मॅच गेली. मी म्हटलं किक मारली असती. आजोबा म्हणाले, मी पण.

ऑस्बोर्ननी दोन पॉइंटचा प्ले सांगितला. पास मायामीच्या खेळाडूच्या हाताला घासून गेला. हरले.

अकरा वर्षं झाली होती त्यांना कोच होऊन तेव्हा, एकही चॅम्पियनशिप नव्हती आणि ती हातातली गेली. आणि अजून दहा वर्षं मिळाली नाही. पण आजोबा सांगत होते की त्या रात्री घरी टीव्हीसमोर ते मनातून चिडले होते, आणि दुसऱ्या दिवशी बर्फात गुरांना चारा टाकताना त्यांना वाटलं की आपला मुलगा या माणसाकडे पाठवायचा. बरोबरी घेऊन चॅम्पियन म्हणवून घ्यायचं नाही असं जो शिकवतो त्याच्याकडे.

आणि मुलगा गेला. स्कॉलरशिपवर नाही, वॉक-ऑन म्हणून. वॉक-ऑन म्हणजे फी स्वतः भरायची, टीममध्ये मात्र पूर्ण वेळ यायचं, मार खायचा, आणि कदाचित कधीच मॅच खेळायला मिळणार नाही हे माहीत असून यायचं. नेब्रास्काचं खरं डोकं इथे होतं असं माझं मत आहे. सत्तरीनंतर स्कॉलरशिपवर मर्यादा आल्या, 1973 ला 105, मग 95, पुढे 85. बाकी टीम तेवढ्यावर चालायच्या. ऑस्बोर्नकडे वर पन्नास-साठ आणि कधीकधी त्याहून जास्त वॉक-ऑन पोरं असायची, बहुतेक आसपासच्या गावातली, ज्यांच्या हायस्कूलमध्ये अकराच काय आठ पोरं जमवतानाही मारामार. आणि त्यांना नुसतं उभं करून ठेवायचे नाहीत. प्रॅक्टिसला मैदानाचे भाग पाडून एकाच वेळी तीन-चार ठिकाणी खेळ चालू ठेवायचे म्हणजे चौथ्या फळीतल्या पोराला सुद्धा पहिल्या फळीइतकाच सराव, तेवढाच घाम. असं तीन वर्षं गेलं की गावातलं बारकं पोरगं एपलींच्या वेट रूममधून दणकट होऊन बाहेर पडायचं. मिल्ट टेनोपिर तिथे 1974 पासून 2002 पर्यंत एकाच कामावर होते, ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे बॉलवाल्यासाठी पुढे वाट करून देणारी दणकट फळी, घडवायची, म्हणजे चौथ्या फळीतल्या पोराला शिकवणारा माणूस पण तोच आणि त्याच्या मोठ्या भावाला शिकवलेला पण तोच. सरासरी तीन वर्षांनी कोच बदलणाऱ्यांना हे जमणारच नाही.

आजोबांचा मुलगा पाच वर्षं होता तिथे. मॅचमध्ये किती खेळला तर मोजून अकरा प्ले, तेही आपली टीम पन्नासेक पॉइंटनी पुढे असताना. गॅरेजमधली जर्सी ती. एका बाहीला आजींनी आतून घातलेले टाके आहेत, लाल दोरा मिळाला नाही म्हणून मरून घातलेला. प्रॅक्टिसला फाटली होती.

मग फळं आली. 1994, 1995, 1997, तीन चॅम्पियनशिप, शेवटच्या पाच वर्षांत 60 मॅच जिंकल्या आणि 3 हरल्या. एकूण 25 वर्षं, 255 विजय, आणि एकाही वर्षी नऊच्या खाली नाही. 1995 ची टीम ज्यांनी फायनलला फ्लोरिडाला 62-24 हरवलं ती आजवरची सर्वात भारी कॉलेज टीम मानणारे कितीतरी जण आहेत.

पण 1995 बद्दल मला एक बोलायचंय आणि ते गाळून पुढे जाणं मला पटत नाही. त्या सीझनच्या सुरुवातीला लॉरेन्स फिलिप्स या बॉल घेऊन पळणाऱ्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूने आपल्या आधीच्या मैत्रिणीला क्रूरपणे मारलं, ती पण युनिव्हर्सिटीचीच खेळाडू. ऑस्बोर्ननी त्याला बाहेर काढलं, आणि सीझन संपायच्या आत परत घेतलं, फायनल सुद्धा खेळवली. त्यांचं म्हणणं होतं की टीमची शिस्त हा एकच आधार आहे या मुलाच्या आयुष्यात, तो काढून घेतला तर तो संपेल. मी त्यांच्या हेतूबद्दल शंका घेत नाही, त्यांचं सगळं आयुष्य पोरांना सावरण्यात गेलंय, 1991 मध्ये त्यांनी आणि पत्नी नॅन्सींनी टीममेट्स नावाचं काम सुरू केलं ज्यात मोठी माणसं शाळकरी मुलांना नियमित जाऊन भेटतात, माझा नवरा सुद्धा गेली सहा वर्षं जातो. पण त्या मुलीचं काय? त्याच कॅम्पसवर तिला त्याच्या नावाचा जयघोष ऐकायला लागला. फिलिप्स पुढे सावरला नाही, 2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात त्याचा शेवट झाला. मी हे एकदाच आजोबांशी बोलले. ते म्हणाले टॉमला वाटलं असेल तो वाचेल. आजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, टॉमचं चुकलं. मी आजींच्या बाजूने आहे. माणूस जेवढा मोठा तेवढी त्याची चूक सुद्धा वारसा म्हणून मागे राहते, ती पण सांगितली पाहिजे.

1997 चा सीझन संपता संपता तब्येतीच्या कारणाने ऑस्बोर्न बाजूला झाले. शेवटची मॅच जिंकून, चॅम्पियन होऊन. वय 60. आणि खो दिला फ्रँक सोलिचना, जे साठच्या दशकात डेव्हेनींकडे खेळलेले आणि 19 वर्षं ऑस्बोर्नकडे असिस्टंट. म्हणजे तिसरी पिढी, पाठीला हात लावून. सोलिच सहा वर्षांत 58 जिंकले 19 हरले, 2001 ला फायनलपर्यंत नेली टीम. 2002 ला 7-7 झाले. 2003 ला नऊ जिंकून परत उभे राहिले आणि कोलोरॅडोला हरवलेल्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी रात्री, त्यांना काढलं. तेव्हाच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचं म्हणणं असं की प्रोग्राम सामान्यपणाकडे घसरू देणार नाही.

माझ्या गॅरेजच्या गोष्टीतला रविवार त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

पुढे जे झालं ते थोडक्यातच सांगते, त्यात रमण्यासारखं नाही. बाहेरून आलेल्या बिल कॅलहन यांनी ऑस्बोर्नचा पळण्याचा खेळ टाकून प्रो स्टाइल पासिंग आणलं, जुने असिस्टंट गेले, वॉक-ऑन कमी केले, आणि पहिल्याच वर्षी 5-6, सलग 35 वर्षं बाउल खेळलेली टीम डिसेंबरात घरी. 2007 ला म्हाताऱ्या ऑस्बोर्नना, मधल्या काळात ते अमेरिकेच्या संसदेत खासदार होऊन आले होते, परत अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणून बोलवावं लागलं. बो पेलिनींनी सात वर्षं, दर वर्षी किमान नऊ मॅच जिंकल्या, त्यांनाही काढलं, 2014. मग माइक रायली, 19-19. मधल्या काळात जुना गट सोडून बिग टेन या युनिव्हर्सिट्यांच्या दुसऱ्या गटात गेलो, टेक्सासशी नातं तुटलं, तिथून पोरं यायची ती कमी झाली, हेही कारण आहेच, सगळं कोचवर टाकणं बरोबर नाही.

आणि मग स्कॉट फ्रॉस्ट. हे मला जास्त लागलं. वूड रिव्हर गावचा पोरगा, वडील सुद्धा डेव्हेनींकडे खेळलेले, 1997 च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल सुरू करून देणारा खेळाडू, कोच म्हणून सेंट्रल फ्लोरिडाला 12-0 नेऊन 2017 च्या डिसेंबरात घरी परत आला तेव्हा आजोबांनी गॅरेजचं दार पुन्हा पूर्ण वर केलं. मधली कितीतरी वर्षं ते अर्ध्यावरच असायचं. आम्हा सगळ्यांना वाटलं आता झालं, घरचाच पोरगा आहे. झालं काय तर 16 जिंकल्या, 31 हरल्या. 2021 ला 3-9, आणि नऊच्या नऊ मॅच नऊ पॉइंटच्या आत हरलेल्या. सप्टेंबर 2022 मध्ये घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून 45-42 हरल्यावर दुसऱ्याच दिवशी काढलं, तीन आठवडे थांबले असते तर भरपाई निम्मी द्यावी लागली असती तरी थांबले नाहीत, सुमारे दीड कोटी डॉलर मोजले. आजोबा 2019 लाच गेले, त्यांना हे बघायला लागलं नाही.

मी यावर खूप विचार केला आहे. फ्रॉस्टला खो दिला कोणी? ऑस्बोर्न उठून दोन दशकं झाली होती. मधे पाटीवर बसलेली माणसं उठवून लावली होती, टेनोपिर नाहीत, जुने कोणी नाहीत, चौथ्या फळीला शिकवणारं कोणी नाही. चॅम्पियन टीममध्ये खेळलेल्या पोराला चॅम्पियन टीम आतून कशी दिसते हे माहीत असतं, ती रोज सकाळी सहा वाजता कशी चालवायची हे त्याच्याजवळ आपोआप येत नाही. आमच्या शाळेत पण सर गेल्यावर त्यांचीच एक जुनी खेळाडू काही महिने शिकवायला आली होती, जीव तोडून शिकवायची बिचारी, पण तिला कोणी तयारच केलं नव्हतं. आमच्या सरांची ती एकच चूक, त्यांनी आम्हाला खो शिकवला पण स्वतः कोणाला दिला नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

याच युनिव्हर्सिटीत हे बरोबर कसं करतात ते बघायचं तर पोरींच्या व्हॉलीबॉलकडे बघा. टेरी पेटिट 1977 ते 1999. त्यांच्याकडे असिस्टंट राहिलेले जॉन कुक 2000 पासून 2024 पर्यंत, चार चॅम्पियनशिप. आणि 2025 च्या सुरुवातीला कुक बाजूला झाले तेव्हा डॅनी बुसबूम केली आल्या, नेब्रास्काच्याच, कुकच्या 2006 च्या विजेत्या टीममधली खेळाडू, त्यांच्याच हाताखाली असिस्टंट होऊन गेलेल्या, मग बाहेर लुइव्हिलला स्वतःची टीम मोठी करून परत. साखळी कुठे तुटली नाही. 30 ऑगस्ट 2023 ला फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियममध्ये व्हॉलीबॉलची मॅच ठेवली होती, 92,003 माणसं. मी आणि माझा मुलगा होतो त्यात. आसपास सगळ्या लहान मुली, केसाला लाल रिबिनी, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजीने डोळे पुसले ते मला दिसलं, मी पण पुसले. मला शाळेतलं मातीचं मैदान दिसत होतं, आमची मॅच बघायला तीस माणसं आली तरी आम्ही खुश असायचो.

आता फुटबॉलला मॅट रूल आहेत, 2023 पासून. पहिलं वर्ष 5-7, दुसरं 7-6, 2016 नंतर पहिल्यांदा बाउल खेळले आणि बोस्टन कॉलेजला हरवून जिंकले. आल्या आल्या त्यांनी जुन्या खेळाडूंना दारं उघडली हे मला आवडलं. आणि 2024 च्या एप्रिलमध्ये स्प्रिंग गेमला, म्हणजे वसंतातल्या सरावाच्या मॅचला, फ्रँक सोलिच परत आले, वीस वर्षांनी, सन्मानाने. मधल्या काळात ओहायो युनिव्हर्सिटीला 16 वर्षं काम करून तिथे ते सगळ्यांच्या आदराचे झाले होते. स्टेडियम उभं राहिलं त्यांच्यासाठी. ज्या माणसाला शनिवारी रात्री बाहेर काढलं त्याच्यासाठी. मला आजोबांची फार आठवण आली.

काळ अवघड आहे हे खरंच. पोरांना आता पैसे मिळतात, मिळायलाच पाहिजेत, इतकी वर्षं त्यांच्या घामावर सगळे मोठे झाले. ट्रान्सफर पोर्टलमुळे पोरगं दर वर्षी टीम बदलू शकतं. पण 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने जी तडजोड मंजूर केली तिच्यात टीममध्ये जास्तीत जास्त 105 खेळाडू अशी मर्यादा आली. म्हणजे स्कॉलरशिपवाले धरून 105. ज्या राज्याने अख्खी ओळख वॉक-ऑन पोरांवर उभी केली तिथे दीडशेची टीम आता होणारच नाही. गावातलं बारकं पोरगं, तीन वर्षं नुसतं थांबायला तयार असलेलं, त्याला थांबायला जागाच नाही राहिली. नियम करणाऱ्यांनी हा विचार केला असेल असं मला वाटत नाही.

आजोबांचा मुलगा आता त्याच घरात राहतो, आणि त्याचा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गात. हायस्कूलच्या टीममध्ये लाइनवर खेळतो, फार उंच नाही, चांगला खेळतो पण स्कॉलरशिप मिळेल असं कोणी म्हणत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याने वडिलांना विचारलं की 105 मध्ये माझा नंबर लागेल का. वडील काहीच बोलले नाहीत म्हणे, उठून गॅरेजमधला जुना रेडिओ बाजूला केला आणि वर्कबेंचच्या जागी लोखंडी रॅक आणून लावला.

मी संध्याकाळी ओट्यापाशी पोळ्या लाटत असते तेव्हा खिडकीतून दिसतं. दार पूर्ण वर असतं. जर्सी त्याच खिळ्याला आहे. पोरगा बाकावर आडवा, हातात बार, आणि वडील डोक्यामागे उभे, दोन्ही हात बारच्या खाली धरलेले पण न लावता, आणि मोजतायत, आमच्या घरापर्यंत ऐकू येतं, सात, आठ, नऊ.